तीन किलोमीटर, तेही चालत

अनंतराव सरपोतदार जन्मात कधी शर्यतीत धावले नव्हते. बस पकडायलासुद्धा ते धावत नसत. सुटली तर सुटली, मागून दुसरी येते, आणि नाही आली तर बसवाल्यांच्या नावानं चार शब्द बोलायला मिळतात, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन स्टेंट बसवून दहा महिने झालेले असताना, त्यांनी रात्रीच्या जेवणावर "मी नाव नोंदवतोय" असं जाहीर केलं तेव्हा श्यामलाबाईंच्या हातातला आमटीचा डाव हवेतच राहिला.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"आमोदच्या कंपनीच्या दौडीत."

आमोद म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. हिंजवडीला कामाला. त्याची कंपनी दर जानेवारीत अंध मुलांच्या एका वसतिगृहासाठी कोथरूडात दौड भरवायची. नाव नोंदवणाऱ्यांनी भरलेली फी सगळी वसतिगृहाला. दहा किलोमीटरवाल्यांना छातीवर लाल नंबर, तीन किलोमीटरवाल्यांना हिरवा. आमोदनं त्याचं पत्रक टेबलावर टाकलं ते रद्दीत जावं म्हणून. पण अनंतराव पत्रक वाचतात. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ते खालच्या बारीक टायपापर्यंत वाचतात.

"वयाची अट नाही असं छापलंय," ते म्हणाले.

"अक्कल असण्याचीही अट छापायला हवी होती," श्यामलाबाई म्हणाल्या आणि डाव आमटीत सोडला.

श्यामलाबाईंचं काय चुकलं होतं हो? पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. उत्तर आलं की ताळा करून बघायचा, ही त्यांची शिस्त. मार्च महिन्यातल्या एका सकाळी नवरा पेपर वाचता वाचता घामानं भिजला, "पित्त झालंय" म्हणाला, आणि त्यांनी आलेपाक दिला. तासभर त्या आलेपाकावर थांबल्या. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास आणखी गेला असता तर कठीण होतं. तेव्हापासून श्यामलाबाई कोणत्याच गोष्टीवर थांबत नव्हत्या. मीठ मोजून, जिना एकदाच, गोळ्या खणाखणांच्या डबीत वारानुसार, आणि संध्याकाळी बागेत तीन किलोमीटर चालणं. त्यात अनंतराव पुढे आणि बाई तीन पावलं मागे, नजर त्यांच्या मानेवर. बागेतले लोक त्यांना नवऱ्याच्या अगदी अर्ध्या वचनात असलेली बाई समजत. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती.

दौडीला नाही म्हणतील या भरवशावर त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "रोज तीन किलोमीटर चालतातच ना? मग रस्त्यावर चालतील. पळायचं नाही, एवढंच सांभाळा." बाईंना त्या दिवशी डॉक्टर मंडळींवरचा विश्वास बराच कमी करावा लागला.

मग त्यांनी एका कागदावर अटी लिहिल्या. तीन किलोमीटर, तेही चालत. छातीत, हातात, जबड्यात काहीही वाटलं की तिथंच बसायचं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी खिशात. अनंतरावांनी कागद नीट वाचला, खाली 'वाचले' असं लिहिलं, सही केली आणि तारीख घातली. टेलिफोन खात्यात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला माणूस. एके काळी घरी फोन लागावा म्हणून लोक सात सात वर्षं वाट बघायचे आणि अनंतराव रस्त्यानं निघाले की ओळखीची माणसं हातातली पिशवी खाली ठेवून नमस्कार करायची. आता भाजीवालीच्या कमरेलासुद्धा मोबाईल होता. नमस्कार बंद झाले. त्याचं त्यांना वाईट वाटतं असं ते कधी म्हणाले नाहीत.

दौडीच्या रविवारी पहाटे साडेपाचला सरपोतदार कुटुंब मैदानावर हजर होतं. पत्रकात सहा लिहिलं होतं, म्हणून साडेपाच. मंडपवाले अजून खुर्च्या उलगडत होते. थंडी कडाक्याची. आमोदला नंबरवाटपाच्या टेबलावर काम होतं, तो तिकडे गेला. सून सुरुची सासू-सासऱ्यांबरोबर राहिली. तिनं एक मोठा पुठ्ठा आणला होता. बाकीच्या घरांतल्या पुठ्ठ्यांवर पळा, जिंका, हार मानू नका असलं काय काय लिहिलेलं. सुरुचीच्या पुठ्ठ्यावर सासूबाईंच्या सांगण्यावरून ठळक अक्षरांत होतं, 'बाबा, सावकाश!'

"हा पुठ्ठा आपल्या जिन्यात लावा नंतर," अनंतराव म्हणाले. "खर्च वसूल होईल."

कंपनीनं दिलेला नारिंगी टी-शर्ट श्यामलाबाईंनी आधी दोनदा धुतला होता, कारण कोरा कपडा अंगाला लावायचा नाही. त्यावर त्यांनी स्वतः चार पिना टोचून हिरवा नंबर लावला. मग गोळ्यांची डबी ट्रॅकपँटच्या खिशात घातली. अनंतराव चार पावलं चालले. डबी खुळखुळ वाजली. शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरी वळून बघायला लागल्या. बाईंना ते दिसलं नाही, त्या नवऱ्याचा मोबाईल आपल्या पर्समध्ये ठेवण्यात गुंतल्या होत्या. चालताना हातात ओझं कशाला.

स्टेजवरचा निवेदक "कम ऑन पुणे, मेक सम नॉईज!" म्हणून ओरडत होता. पुणेकरांनी सवयीप्रमाणे त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग ढोल-ताशा सुरू झाला आणि साडेसहाला आधी लाल नंबरवाले सुटले, पाच मिनिटांनी हिरवे. हिरव्यांत सगळी हौशी मंडळी. तान्ह्या मुलांच्या गाड्या होत्या, एक कुत्रा होता, नऊवारी नेसून बूट घातलेल्या एक इंदुबाई होत्या. त्यांच्या नातवंडांनी त्यांच्या नावाचा इतका गजर केला की ते नाव सगळ्या मैदानाला पाठ झालं. अनंतराव त्या सगळ्यांच्या मागून, हात पाठीमागे बांधून, बँकेत पासबुक भरायला निघाल्यासारखे चालत गेले.

"सावकाश!" सुरुची ओरडली.

"अहो, सावकाश!" श्यामलाबाई ओरडल्या. अनंतरावांनी वळून बघितलंच नाही.

बाईंनी मनात गणित मांडलं. तीन किलोमीटर, बागेतल्या वेगानं पंचेचाळीस मिनिटं. गर्दीची पाच. म्हणजे सात पंचवीस. मैदानातून निघून कर्वे पुतळ्यापर्यंत जायचं, पुतळ्याला वळसा घालायचा आणि परत. सोपा रस्ता. पुढे सरळ गेलं की तो दहा किलोमीटरवाल्यांचा मार्ग, पार डेक्कनच्या अलीकडून वळून येणारा.

सात वाजता पहिले हिरवे आले. सव्वासातला लोंढा आला. कुत्रा आला, गाड्या आल्या, खांद्यावर पोर घेतलेला बाप आला. सात पंचवीसला बाई शेवटच्या कमानीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. साडेसात झाले. इंदुबाई आल्या, दोन्ही हात वर करून, आणि नातवंडं त्यांना बिलगली. त्यांच्या मागे रस्ता मोकळा होता.

"येतील हो आई," सुरुची म्हणाली. "कुणी भेटलं असेल. गप्पा मारत उभे असतील."

ते शक्य होतं. अनंतराव रस्त्यात उभं राहून महापालिकेचं खोदकाम अर्धा अर्धा तास तपासत. बाईंनी स्वतःला बजावलं, दहा मिनिटं थांबायचं. पण कपाळाला घाम आला होता, म्हणून त्यांनी रुमालासाठी पर्स उघडली. रुमालावर गोळ्यांची डबी होती.

आधी त्यांना वाटलं, ही दुसरी. मग लक्षात आलं, असली दुसरी डबी घरात नाहीच. मोबाईल ठेवताना, किंवा निवेदकाकडे बघताना, केव्हातरी या माणसानं ती गुपचूप परत टाकली होती. मार्चमधल्या त्या सकाळी श्यामलाबाई आलेपाकाची वडी हातात धरून उभ्या होत्या, अगदी तसंच वाटलं.

"सुरुची, त्यांना फोन लाव."

सुरुचीनं लावला. तो बाईंच्या पर्समध्येच वाजायला लागला. वाजून वाजून बंद झाला.

आमोद धावत आला. त्यानं निवेदकाला सांगितलं. निवेदकानं "मिस्टर अनंत सरपोतदार, आप जहाँ भी हों" असं दोनदा पुकारलं आणि त्याच्या पाठोपाठ गाणं लावलं. आमोद वैद्यकीय तंबूत विचारून आला. तिथं कुणी आणलेलं नव्हतं, पण एक अँब्युलन्स मघाशीच रस्त्यावर गेली होती. कशासाठी ते तंबूतल्या मुलाला माहीत नव्हतं. धावणाऱ्यांच्या मागे मागे फिरायला असेल, म्हणाला.

"आई, तू इथं बस. मी मोटरसायकल काढतो."

"रस्ता बंद आहे, मोटरसायकल कुठून नेणार?" बाई म्हणाल्या. "तू मागच्या गल्ल्यांनी जा. सुरुची, तू कमानीपाशीच थांब, आले तर मला कळव." आणि पुढचं काही ऐकून न घेता त्या चालायला लागल्या.

कोथरूडचा रस्ता एवढा मोकळा त्यांनी कधी पाहिला नव्हता. ना रिक्षा, ना स्कूटर, ना हॉर्न. साडीचा पदर खोचून, एका हातात पर्स आणि दुसऱ्या मुठीत डबी, त्या रस्त्याच्या मधोमध भराभर निघाल्या. डबी आता त्यांच्या मुठीत वाजत होती. समोरून लाल नंबरवाले घामाघूम होऊन येत होते. त्यांना वाटलं, ही बाई उत्साहाच्या भरात उलट्या दिशेनं पळतेय.

"आंटी, फिनिश इकडे आहे!" एक जण ओरडला.

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "नारिंगी शर्टातले गृहस्थ पाहिलेत का? चष्मा, टक्कल, हात पाठीमागे?"

शर्ट सगळ्यांचेच नारिंगी होते. चष्माही बऱ्याच जणांना होता. कुणी डोकं हलवलं, कुणी टाळ्या वाजवून त्यांनाच प्रोत्साहन दिलं. फुटपाथवर उभ्या असलेल्या एका कुटुंबानं तर "आजी, आजी" म्हणून ताल धरला. श्यामलाबाईंना रडावं की त्यांना रागवावं ते कळेना. त्या मनातल्या मनात कसब्याच्या गणपतीशी बोलत होत्या. माहेर कसबा पेठेतलं, त्यामुळे गणपतीशी त्यांचं बोलणं घरच्यासारखं होतं, त्यात नवस वगैरे नसे. बाबा रे, त्या म्हणत होत्या, तो माणूस तिरसट आहे, मान्य, पण तुझ्याकडे असे पुष्कळ असतील. माझ्याकडे एकच आहे.

कर्वे पुतळ्यापाशी झेंडी धरून एक कॉलेजातली मुलगी उभी होती. छातीवर नाव लावलेलं, भाग्यश्री. श्यामलाबाईंनी तिला नवऱ्याचं वर्णन सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"हो हो, ते काका! हिरवा नंबर ना? मी त्यांना म्हटलं, आजोबा, तुम्ही इकडून वळा, ज्येष्ठ नागरिक इकडून. दमलात का, पाणी देऊ का, असंही विचारलं."

"मग?"

"मग ते माझ्याकडे बघत उभे राहिले. आणि सरळच गेले. मी म्हटलं, अहो, तो दहा किलोमीटरचा रस्ता आहे, पाटी बघा. तर म्हणाले, मला वाचता येतं." भाग्यश्रीला आता थोडं टेन्शन आल्यासारखं दिसलं. "का हो? काही प्रॉब्लेम आहे का?"

प्रॉब्लेम! श्यामलाबाई तिथल्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. 'वाचले' लिहून सही करणारा माणूस. तारीख घालणारा माणूस. एका पोरीनं आजोबा म्हटलं म्हणून दहा किलोमीटर निघाला, आणि गोळ्या बायकोच्या पर्समध्ये. त्या क्षणी समोर असते तर त्यांनी भर रस्त्यात त्यांना फैलावर घेतलं असतं. आणि ते समोर असावेत यासाठी त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी छातीत घेऊन त्या पुढे निघाल्या.

पुतळ्यापासून पुढचा रस्ता त्यांना नंतर नीट आठवला नाही. लाल नंबरवाले विरळ होत गेले. पाण्याच्या टेबलांवरचे कागदी पेले गोळा करायचं काम सुरू झालं होतं. चप्पलेचा अंगठा सैल झाला, तो त्यांनी एकदा वाकून बसवला. कुणी बसलेलं दिसलं की काळजात धस्स व्हायचं आणि जवळ गेल्यावर तो बुटाची नाडी बांधणारा एखादा पोरगा निघायचा. सूर्य चांगलाच वर आला होता. नळ स्टॉपचा चौक जवळ आला आणि लांबवर, रस्त्याच्या कडेनं, अँब्युलन्स दिसली.

ती उभी नव्हती. माणसाच्या चालीनं हळूहळू पुढे येत होती. तिच्या पुढे कुणीतरी होतं. हात पाठीमागे बांधलेले.

श्यामलाबाई थांबल्या. नीट बघितलं. पुन्हा बघितलं. ताळा जुळला. ते चालत होते, लंगडत होते, पण चालत होते. अँब्युलन्सच्या खिडकीतून एक तरुण डॉक्टरीण डोकं बाहेर काढून सांगत होती, "काका, बसा ना आता, सगळ्यात शेवटचे आहात तुम्ही." आणि ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणत होते, "शेवटचं कुणीतरी असावंच लागतं. त्याशिवाय तुम्हाला कळणार कसं, गाडी कुणाच्या मागे ठेवायची ते?"

तो आवाज ऐकला आणि श्यामलाबाईंच्या अंगातली सगळी हवा निघून गेली. पण जवळ पोचेपर्यंत त्यांना तोंड फुटलं.

"दुखतंय का?"

अनंतरावांनी वर पाहिलं. बायको इथं, नळ स्टॉपला, पदर खोचून, केस सुटलेले, म्हटल्यावर ते जागच्या जागी थांबले.

"टाच दुखतेय," ते म्हणाले. "डावी."

"छातीत? हातात? जबड्यात?"

"नाही. टाच."

"लाज नाही वाटत?" श्यामलाबाई म्हणाल्या, आणि मग त्या थांबेनात. डबी त्यांच्या नाकासमोर धरून त्यांनी भर कर्वे रस्त्यात आवाज चढवला. "सही केलीत! तारीख घातलीत! आणि हे माझ्या पर्समध्ये टाकून निघालात? तासभर मी मेल्यासारखी तिथं... फोन लावला तर माझ्याच खांद्याला वाजतोय! कुणी आजोबा म्हटलं म्हणून? आहातच आजोबा! टक्कल कुणाचं आहे मग, माझं?"

डॉक्टरीणबाईंनी डोकं आत घेतलं. ड्रायव्हरनं दुसरीकडे बघितलं.

अनंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती डबी खुळखुळ्यासारखी वाजत होती."

"वाजू दे!"

"चुकलं माझं," ते म्हणाले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, हे वाक्य श्यामलाबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. "पण आजोबा म्हटलं त्याचं काही नाही. तिनं विचारलं, दमलात का. मी उत्तर द्यायला म्हणून थांबलो आणि बघितलं, तर दमलो नव्हतो. श्यामला, दहा महिने मी सकाळी उठल्यापासून दमलेला माणूस आहे. तू बस म्हणतेस, मी बसतो. आंघोळीला जातो तर दाराला कडी लावायची नाही, तू बाहेर स्टूल टाकून बसतेस. मला खरंच कळेनासं झालं होतं, मी दमतो किती आणि दमवला जातो किती. म्हटलं, एकदा बघावं."

कडीचं खरं होतं. स्टुलाचंही खरं होतं.

"बघितलंत?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"सात किलोमीटर बघितले. तीन राहिलेत."

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. त्यांनी तिथंच रस्त्यात अनंतरावांची नाडी बघितली, छातीला नळी लावली, आणि म्हणाल्या, "आत्ता तरी सगळं ठीक आहे. पण हे तुम्ही करायला नको होतं काका, आणि तुमच्या डॉक्टरांना उद्या दाखवायचं. आता दोघंही बसा गाडीत."

अनंतरावांनी बायकोकडे बघितलं. दहा महिने ते काही मागत नव्हते. जे समोर येईल ते खात होते, सांगितलं तिथं बसत होते. आत्ता मागत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. श्यामलाबाईंनी डबी उघडली, आत गोळ्या असल्याची खात्री करून घेतली, आणि बंद केली.

"तुम्ही मागेच असा," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "आम्ही चालतो. सावकाश."

दोघं निघाले. या वेळी बाई तीन पावलं मागे नव्हत्या. लंगडणाऱ्या माणसाला आधार द्यायचा तर शेजारीच चालावं लागतं. मध्येच आमोद एका गल्लीतून मोटरसायकल घेऊन बाहेर आला आणि दोघांना बघून त्यानं डोक्याला हात लावला. त्यानं सुरुचीला फोन केला. "सापडले" एवढंच म्हणाला आणि मोटरसायकल मैदानाकडे वळवली. पुतळ्यापाशी भाग्यश्री झेंडी गुंडाळत होती. तिला बघून अनंतराव थांबले, म्हणाले, "आता थोडा दमलोय. पाणी चालेल." तिनं दोन बाटल्या दिल्या.

मैदानावर पोचले तेव्हा सव्वानऊ होत आले होते. फुगवलेली कमान अर्धी बसली होती. ढोलवाले पोहे खात होते. पण सुरुचीनं त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यांनी बशा खाली ठेवल्या आणि शेवटच्या माणसासाठी जेवढं म्हणून वाजवता येतं तेवढं वाजवलं. सुरुची पुठ्ठा नाचवत ओरडत होती. आमोदही ओरडत होता, त्याचा आवाज मध्येच फाटला. इंदुबाईंची नातवंडं अजून तिथंच होती, त्यांनी फुकटात गजर केला. अनंतरावांनी पाठीमागचे हात सोडले आणि कमानीखालून जाताना एक हात, जेमतेम खांद्यापर्यंत, वर केला.

पदकाच्या टेबलावर हिंमतराव म्हणून एक गृहस्थ बसले होते. त्यांनी नंबर बघितला. "हिरव्याला दहाचं पदक देता येणार नाही. तीनचं संपलं."

"अहो, ते दहा चालून आलेत!" सुरुची म्हणाली.

"असतील. नंबर हिरवा आहे."

"बरोबर आहे त्यांचं," अनंतराव समाधानानं म्हणाले. "नियम म्हणजे नियम." हिंमतरावांबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटली असावी, कारण त्यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

वैद्यकीय तंबूत डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून शांतपणे तपासलं. रक्तदाब एकशे तीस, ऐंशी. टाचेला फोड. मलम लावून पट्टी बांधली. आमोदनं मोठा श्वास सोडला. सुरुची सासऱ्यांसाठी पोहे आणायला गेली.

"आता तुम्ही या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी? मला काय झालंय?"

"तुम्ही सहा किलोमीटर चाललात, तेही चप्पल घालून. या."

श्यामलाबाई बसल्या. दंडाला पट्टा आवळला गेला, सैल झाला. डॉक्टरीणबाईंनी आकड्याकडे बघितलं, पाच मिनिटं थांबून पट्टा पुन्हा लावला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"एकशे बहात्तर, एकशे चार. पहिलाही साधारण एवढाच होता. आधी कधी तपासलं होतं?"

श्यामलाबाईंना आठवेना. दवाखान्यात त्या दर पंधरा दिवसांनी जात होत्या, पण दुसऱ्या खुर्चीवर बसायला.

"आज धावपळ झाली, म्हणून असेल थोडं. पण नुसतं तेवढंच नाही. औषधानं आटोक्यात येईल, घाबरू नका, चांगली वेळेवर सापडलात. झोप लागते का नीट?"

"लागते की," श्यामलाबाई सवयीनं म्हणाल्या. मग त्या डॉक्टरीण मुलीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ती उत्तराची खरंच वाट बघत होती. दहा महिन्यांत किती जणांनी विचारलं होतं, आता कसे आहेत, खातात का, चालतात का. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायलाही त्यांच्यात जोर उरला नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "लागत नाही."

"कधीपासून?"

"मार्चपासून," हे उत्तर अनंतरावांनी दिलं.

बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

"रात्रीत चार-पाच वेळा उठते," ते डॉक्टरीणबाईंना सांगत होते, बायकोकडे न बघता. "माझ्या नाकाशी हात धरते. श्वास चालू आहे ना, बघते. मग परत पडते, पण झोपत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" श्यामलाबाई म्हणाल्या. "तुम्ही तर गाढ झोपलेले असता."

"सोंग करतो. जागा दिसलो की तू दिवा लावतेस, बीपीचं मशीन काढतेस. म्हणून डोळे मिटून एकसारखा श्वास घेत पडतो. तेवढीच तुला निश्चिंती." अनंतरावांनी पट्टी बांधलेला पाय जरा लांब केला. "आता एकसारखा श्वास घेत राहायचं म्हणजे जागं राहावंच लागतं."

आमोद खुर्चीवर मटकन बसला. डॉक्टरीणबाईंनी तोंडाशी हात नेला, पण हसू दाबता आलं नाही.

दहा महिने. अंधारात दोघं शेजारी शेजारी, टक्क जागे, एक जण दुसऱ्यासाठी श्वास मोजतोय आणि दुसरा पहिल्यासाठी श्वास घेतोय. मग श्यामलाबाईंना हसू फुटलं, रडणं चालू असतानाच, आणि ते कितीतरी वेळ थांबेना. छातीवर बसलेलं काहीतरी त्या हसण्याबरोबर उठून निघून गेल्याचं त्यांना स्पष्ट जाणवलं.

"आज दोघंही झोपा," डॉक्टरीणबाई औषधाचं नाव लिहीत म्हणाल्या. "खरंखुरं."

"ही झोपली की मी झोपेन," अनंतराव म्हणाले.

"नाही, आधी तुम्ही," श्यामलाबाई म्हणाल्या.

"आज नको वाद," आमोद म्हणाला. त्यानं एका हातानं आईला उठवलं, दुसऱ्या हातानं वडिलांना, आणि सुरुची पोहे घेऊन आली तेव्हा श्यामलाबाईंनी तिच्या हातातली पहिली बशी स्वतःसाठी घेतली.